घरच्या माणसाचं नाव

रुग्णवाहिकेसाठी येणारे फोन ज्या खोलीत घेतले जात, तिथल्या पर्यवेक्षक बाईंना साहेबांनी सकाळीच बोलावलं. सरकारी खर्चाला कात्री लागली होती. दुपारपाळीतला एक माणूस कमी करायचा होता.

"नाव तुम्ही सांगा. आजच," साहेब म्हणाले.

दुपारपाळीत माणसं दोनच. एकाला सगळे 'रेडिओ' म्हणत. दुसरी बाईंची सख्खी भावजय. रेडिओ मनाने चांगला, पण बडबड अशी की घाबरलेला माणूस आणखी घाबरायचा. भावजय रीतसर परीक्षा देऊन लागली होती, तरी 'बाईंनी चिकटवली' असंच सगळे म्हणत. त्यात भावाचा कारखाना बंद पडलेला.

बाईंनी डबा उघडला आणि तसाच मिटला.

दुपारी भावजयीला एक फोन आला. कुणाचे तरी वडील कोसळले होते. "मी आहे ना फोनवर," ती म्हणत होती. "त्यांना कुशीवर वळवा. वळवलंत? आता दार उघडून ठेवा." गाडी पोचेपर्यंत तिने फोन ठेवला नाही. बाईंना वाटलं, सुटला प्रश्न.

त्यांनी जाऊन रेडिओचं नाव सांगितलं. साहेब हसले. "वाटलंच मला. घरचं माणूस कोण काढेल?"

"तसं नाही, साहेब."

"मी कुठे काय म्हणतोय? लोक म्हणतील."

बाईंची कानशिलं तापली आणि तोंडातून भावजयीचं नाव निघून गेलं. साहेबांनी ते लगेच टिपून घेतलं. 'ते नाव खोडा' एवढंही बाई म्हणाल्या नाहीत.

संध्याकाळी भावजयीने त्यांना फाटकापाशी गाठलं.

"वन्सं, माझं काय चुकलं?"

"काही नाही गं."

"मग?"

"तू माझी आहेस, म्हणून."

भावजय जायला वळली. "हे तुमच्या भावाला तुम्हीच सांगा. मला नाही जमायचं."

भावाने सगळं ऐकून घेतलं. आरडाओरडा केला असता तर बरं, असं बाईंना झालं. शेवटी तो एवढंच म्हणाला, "ताई, हेच साहेबाला लेखी देशील? खरं कारण?"

"नोकरी जाईल माझी."

"हिची गेलीच की."

दुसऱ्या दिवशी बाईंनी लिहून दिलं: भावजयीचं काम चोख असूनही, बोल लागेल या भीतीने मी नाव दिलं.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. "ठीक आहे. तुमच्या भावजयीला राहू द्या. पण एक जागा तर कमी करायचीच आहे, बाई. आणि भीतीने निर्णय घेणारा पर्यवेक्षक आम्हाला कशाला हवा?"

महिनाअखेरीस बाई घरी बसल्या. पहिल्या सोमवारी भावजय कामावर जाता जाता त्यांच्याकडे डोकावली. उंबऱ्यातच घुटमळली.

"वन्सं, येऊ का आत?"

"विचारतेस काय? ये," बाई म्हणाल्या. भावजय आत आली, पण खुर्चीच्या कडेवरच टेकली.