एका हाताचे टाके

परीक्षकांनी साबणाची डबी उपडी केली, तळाचं झाकण उघडलं, शर्टाच्या खिशातून भिंग काढलं आणि डबीच्या पोटात डोकावून बघू लागले. आतला रेडिओ चालूच होता. उताणा पडूनही तो बिचारा इमानेइतबारे हवामान सांगत राहिला.

मनी टेबलामागे उभी होती. पाठीला भिंत, उजव्या हाताला गजांची खिडकी, डाव्या हाताला शेजारच्या मुलाचा ज्वालामुखी. शाळेच्या प्रयोगशाळेत प्रदर्शनाची टेबलं इतकी खेटून लावली होती की एकदा आत शिरलं की सगळ्यांचं आटोपेपर्यंत बाहेर पडायची सोय नाही. ज्वालामुखीतून अधूनमधून व्हिनेगरचा आंबूस वास येत होता आणि लाल फेस तिच्या बाजूला ओघळत होता. तो पुसायचं तिला सुचत नव्हतं.

मनी हे तिचं घरातलं नाव. लहानपणी बाबांच्या कामाच्या टेबलाखाली मांजरासारखी मुटकुळं करून बसायची आणि वरून पडणारे वायरचे तुकडे गोळा करायची, म्हणून. आता ती नववीत होती आणि टेबलाखाली मावत नव्हती.

परीक्षकांनी आधी सगळ्यांना विचारलेला प्रश्न तिलाही विचारला होता. आजवर इतके प्रकल्प केलेस, त्यातून काय शिकलीस? विज्ञानाच्या बाईंनी या प्रश्नाचं उत्तर वर्गाकडून घोटून घेतलं होतं. निरीक्षणशक्ती, चिकाटी, अपयशातून शिकण्याची वृत्ती. मनीने ते एका दमात म्हणून टाकलं. परीक्षकांच्या मागे उभ्या असलेल्या बाईंचे ओठही तिच्याबरोबर हलले. सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात त्यांनी डबी उपडी केली.

“हे टाके कुणी घातले?”

“मी.”

परीक्षक हसले. वाईट माणूस नव्हता तो. सगळी नोकरी यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात झालेली, केस पिकलेले, बोटांच्या टोकांना जुन्या भाजल्याचे पांढरे डाग. डबीतल्या पट्टीवर वायरींचे पाय सोल्डरने, वितळवलेल्या कथलाने, जोडले होते. एकेक टाका वाटोळा, चकचकीत, अळवाच्या पानावर पाण्याचा थेंब बसावा तसा बसलेला.

“बाळ, मी जन्मभर टाकेच तपासत आलो,” ते म्हणाले. “गेल्या महिन्यात माझा जुना ॲम्प्लिफायर तुमच्या दुकानात दुरुस्तीला दिला होता. घरी नेऊन उघडून बघितला. मला खोडच आहे ती. काम बघून जीव निवला. हे तेच टाके आहेत. माणसाचा हात लपत नाही, अक्षरासारखा ओळखू येतो.”

ते मोठ्याने बोलले, कारण त्यांना मागे उभ्या असलेल्या बाबांचं कौतुक करायचं होतं. आईबाप मंडळी दाराशी घोळक्याने उभी होती. बाबा त्यांच्यात, कपाटाला टेकून, दोन्ही हात पँटच्या खिशात. गेली दोन वर्षं ते असेच उभे राहात. लोक म्हणायचे, मेकॅनिक आता शेठ झाले.

बाईंचा चेहरा पडला. नियम त्यांनीच फळ्यावर लिहिला होता : प्रकल्प विद्यार्थ्याने स्वतः केलेला असावा.

“अहो साहेब, घरोघरी बापच करतो,” ज्वालामुखीसमोरून त्या मुलाचे वडील, स्पीकरवाले काका, बोलले. सभा-समारंभांना लाऊडस्पीकर पुरवायचा त्यांचा धंदा. “हा डोंगर मीच रंगवलाय. पोराने नुसता व्हिनेगर ओतला. फरक एवढाच, की यांच्या हाताला देवाने काहीतरी दिलंय. माझं एकही मशीन मी दुसऱ्या कुणाला उघडू देत नाही, विचारा त्यांना.”

घोळका हसला. बाबाही हसले. मनीने मात्र टेबलाची कड घट्ट धरली.

परीक्षकांचं म्हणणं खरंच होतं. तोच हात होता. ॲम्प्लिफायरला जो हात लागला होता तोच रेडिओला लागला होता. फक्त तो हात कपाटाला टेकून उभा नव्हता, तो या टेबलाची कड धरून होता. आणि हे सिद्ध करायचं म्हणजे रेडिओ एकटा तिचा ठरत नव्हता. त्याच्या मागोमाग परीक्षकांचा ॲम्प्लिफायर, स्पीकरवाल्या काकांची सगळी मशीनं, रांगेने तिच्या नावावर येणार होती. मग काका आपली मशीनं नववीतल्या मुलीच्या हाती कशाला ठेवतील? आणि काका गेले की दुकानात उरतं काय, घड्याळांचे सेल आणि टॉर्चचे दिवे.

प्रकल्पांतून काय शिकलीस. घोटलेलं उत्तर देऊन झालं होतं. आता खरं उत्तर नको तेव्हा वर येत होतं.

पाचवीत पुठ्ठ्याची दुर्बीण केली होती, भिंतीपलीकडचं दाखवणारी. आरसे बाबांनी धरले, डिंक तिने लावला. भिंतीपलीकडच्या जगापेक्षा आरशावरचे तिचे डिंकाचे ठसेच जास्त दिसायचे. सहावीत लिंबांवर दिवा लावायचा होता आणि तो काही केल्या लागेना. बाबांनी बोटही लावलं नाही. शेजारी बसून खुशाल हसत राहिले. का लागला नाही ते तूच मला सांग, म्हणाले, मग मी सरबत करतो. तिला ते सापडलं तेव्हा दिवा लागला, पण एवढासा, काजव्याने आळस द्यावा तसा. त्याच्याइतका उजेड तिने पुन्हा कशात पाहिला नाही.

सातवीत घंटा केली. त्या वर्षी बाबांचा हात पहिल्यांदा हलला. सोल्डर जिथे पडायचं तिथे न पडता शेजारी पडलं. चहा जास्त झाला बहुतेक, म्हणाले. तू वायर धर जरा. तिने वायर धरली. मग चिमटा धरला. मग एके दिवशी तापलेलं सोल्डरिंग आयर्न. डॉक्टरांनी सांगितलं, हे थांबणारं नाही, गोळ्यांनी थोडं रेंगाळेल. त्यानंतर मैत्रिणींचे प्रकल्प वर्षाला एक होत राहिले, तिचे रोज होऊ लागले. शाळेतून आलं की दप्तर टाकायचं, आतल्या खोलीत बसायचं. बाबा शेजारी, हात मांडीखाली दाबून, नजरेने शिकवत. सोल्डरमधल्या राळेचा वास केसांत, उशीत, डब्याच्या पिशवीत. बाहेर गल्ल्यावर आई गिऱ्हाइकाला सांगायची, “आत काम चाललंय.” खोटं बोलायला लागू नये म्हणून तिने वाक्यातून माणूसच काढून टाकला होता.

मनीला काम आवडायचं, हीच तर पंचाईत होती. नावडतं असतं तर ओरडता तरी आलं असतं. पण या रेडिओवर तिने वर्षभर जीव टाकला होता. पहिला येणारा प्रकल्प मोठ्या प्रदर्शनाला जाणार होता, आणि तिला एकदाच, एका ठिकाणी तरी, आपण केलेल्या वस्तूशेजारी उभं राहून हे मी केलं म्हणायचं होतं.

“असं करू,” परीक्षक म्हणाले, “वाद कशाला? इथेच एक टाका घालून दाखव.”

बाईंनी लगबगीने कपाटातून आयर्न आणलं, प्लग लावला. एक रिकामी पट्टी, दोन तारा, सोल्डरचं वेटोळं. बघायला सगळे पुढे सरकले. टेबलासमोर माणसांची दुसरी भिंत उभी राहिली.

आयर्न तापलं. मनीने ते उचललं तेव्हा बोटं आपोआप त्यांच्या जागी जाऊन बसली. त्या बोटांना तिने मनातल्या मनात दटावलं. मुठीत चमचा धरावा तसं आयर्न धरलं. मग धातू तापायची वाट न बघता सोल्डर घाईने टेकवलं आणि ओढून घेतलं. पट्टीवर एक करडा, खडबडीत गोळा बसला, सुपारीच्या खांडासारखा. परीक्षकांनी तार नखाने हलवली. ती सुटून आली.

परीक्षकांनी झाकण हलकेच बसवलं आणि डबी सरळ केली.

“हरकत नाही,” ते म्हणाले. “शिकशील. बाबांकडून शिक, तेवढं सोनं घरात आहे.”

मनीने मान हलवली. सुटका झाली होती. ती मान खाली घालून ज्वालामुखीचा फेस पुसू लागली. आता तेवढंच काम उरलं होतं.

“साहेब, जरा मला देता?”

घोळक्याने वाट करून दिली. बाबा टेबलाशी आले. स्पीकरवाले काका खूश झाले. बघा आता, म्हणाले, हात कसा चालतो ते बघा. त्यांनी टेबलावरून हात टाकून पोरालाही खांद्याला धरून पुढे ओढलं. परीक्षकांनी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं.

मनीने वर पाहिलं. बाबा तिच्याकडे बघत नव्हते. ते त्या करड्या गोळ्याकडे बघत होते, फार वेळ, एखादं अनोळखी अक्षर लावावं तसे. इतका वाईट टाका आपल्या मुलीने शिकतानाही कधी घातला नव्हता, हे त्या खोलीत दोघांनाच ठाऊक होतं.

“बाबा, नको,” ती पुटपुटली.

त्यांनी उजवा हात खिशातून काढला आणि आयर्न उचललं.

टोक पट्टीला टेकलं आणि वाजू लागलं. टक टक टक टक, बारीक, भराभर. बाबांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, तर दोन्ही हात मिळून हलू लागले. सोल्डरची तार टोकाला सापडेना. ते थांबले नाहीत. त्यांना घाईही नव्हती. सगळ्यांना नीट दिसेल इतका वेळ त्यांनी ते चालू दिलं. रेडिओ बोलतच होता.

परीक्षकांनी भिंग खाली घेतलं. त्यांची नजर बाबांच्या मनगटावरून डबीकडे गेली, डबीवरून मनीच्या बोटांकडे, आणि तिथेच राहिली. बाईंनी तोंडावर पदर धरला. स्पीकरवाल्या काकांचा हात पोराच्या खांद्यावर होता, तो सावकाश खाली आला.

बाबांनी आयर्न उलटं केलं आणि त्याची मूठ तिच्याकडे धरली. तीही हलत होती. ती धरायला मनीला दोन्ही हात लावावे लागले.

“दोन वर्षं माझा हात झालीस,” ते हळू म्हणाले. “पुरे झालं. आता नीट कर.”

तिने जुना गोळा तापवून काढून टाकला. ओल्या फडक्यावर टोक पुसलं, चर्र झालं. कपाळावर आलेली बट फुंकून मागे केली. तारेचा पाय पट्टीवर ठेवला, टोक टेकवलं आणि धातू तापायची वाट बघत राहिली. राळेचा निळसर धूर वर चढला.

समोरून कुणीतरी टेबलावर ओणवं झालं. उजेडात आलेली ती रुंद सावली तिने ओळखली, स्पीकरवाल्या काकांची. ते चेहरा कसा करून बघत होते ते बघायला मान वर करावी लागली असती. सोल्डर वितळायला लागलं होतं. तिने मान वर केली नाही.