काचेत दिसतं तेवढंच

"आई आहे हे काचेत कुठं दिसलं?"

माझी पहिलीच नोंद प्रियदर्शनी मॅडमनी या एका प्रश्नासकट परत केली. मी मोठ्या हौसेनं लिहिलं होतं, 'बारशाचा फोटो. नटलेली आई मांडीवरच्या बाळाकडे कौतुकाने बघत आहे.' मॅडमनी 'बारशाचा', 'आई' आणि 'कौतुकाने' या तीन शब्दांवर पेन्सिलीनं रेघ मारली होती.

मी ग्रंथालयशास्त्राची पदवी घेऊन या जुन्या ग्रंथालयाच्या दुर्मीळ संग्रह विभागात शिकाऊ म्हणून लागले होते. धायरीहून रोज सिंहगड रस्त्याची गर्दी कापत यायचं, म्हणजे पोहोचेपर्यंत निम्मा राग अंगात भरलेलाच असायचा. त्यात वर या मॅडम. त्यांना हसताना विभागात कुणी पाहिलं नव्हतं, आणि विभागात आम्ही दोघीच होतो.

"मॅडम, मांडीवर बाळ घेऊन बसलेली बाई आई नसेल तर काय तलाठी असेल?" मी म्हटलं.

"असेलही," त्या म्हणाल्या. "आत्या असेल, दाई असेल. तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही. मग वाचणाऱ्याला कशाला फसवायचं?"

मंडईजवळचा एक फोटो स्टुडिओ बंद झाला, तेव्हा मालकाच्या मुलांनी जुन्या काचा आमच्याकडे आणून टाकल्या होत्या. फिल्म येण्याआधी फोटो काचेवर घेत. काचेत सगळं उलटं दिसतं, काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं. काच दिव्याच्या टेबलावर ठेवायची, बघायचं आणि नोंद करायची, हे माझं काम. पुस्तकाला निदान नाव तरी असतं. फोटोला नाव नसतं, ते आपण द्यायचं, आणि तिथंच माणूस घसरतो, असं मॅडमचं म्हणणं.

त्यांचा नियम सोपा होता. आधी दिसतं तेवढंच लिहायचं. बाहेरून काही कळलं तर ते चौकटी कंसात, आणि कुणी सांगितलं तेही लिहायचं, म्हणजे आपलं कुठलं आणि काचेचं कुठलं हे वाचणाऱ्याला कळतं. मला हा नियम कोरडा वाटायचा. बाळाकडे बघणाऱ्या बाईला आई म्हणायला साक्षीदार लागतो का?

मॅडमनी त्या काचेचं स्कॅन करायला लावलं. उलट्याचं सुलट झालं आणि चित्र पडद्यावर मोठं झालं. खुर्चीत एक तरुण बाई, जरीचं लुगडं, ओटीत नारळ, अंगावर असेल नसेल तो दागिना. मागे दोन लुगडी पडद्यासारखी बांधलेली. म्हणजे फोटो स्टुडिओत नाही, कुणाच्या तरी घरी काढला होता. काचेच्या पाकिटावरही 'मांजरी, घरी' एवढंच होतं.

"कपाळ बघा," मॅडम म्हणाल्या.

मी बघितलं. नुसतं कुंकू नव्हतं, सबंध कपाळभर मळवट होता.

"हे बारसं नाही, तनुजा. सवाष्ण गेली की असा मळवट भरतात, अशी ओटी भरतात. त्या काळी जिवंतपणी फोटो कोण काढायचं? माणूस गेलं की घाईघाईनं फोटोवाला बोलवायचे, निदान तोंड तरी राहावं म्हणून."

ती बाळाकडे बघत नव्हती. तिच्या पापण्या मिटलेल्या होत्या. मी काल 'कौतुकाने' असं लिहिलं होतं. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

"आणखी काय दिसतं?" मॅडमनी विचारलं.

"काही नाही."

"बाळ कुणी धरलंय?"

बाईचे हात तर दोन्ही बाजूंना निर्जीव पडले होते. मग मला दिसलं. मागच्या दोन लुगड्यांच्या मधून एक हात पुढे आला होता. बारीक, पोरसवदा मनगट, त्यावर बांगड्या आणि गोंदण. त्या हातानं बाळाला खालून घट्ट आधार दिला होता. बाईच्या काखेतही कुणाची तरी बोटं दिसत होती. पडद्याआड उभं राहून कुणीतरी दोघांनाही सावरत होतं, आणि आपण फोटोत येत नाही अशी त्या माणसाची समजूत असावी.

मी नवी नोंद लिहिली. 'खुर्चीत बसवलेली मृत स्त्री, डोळे मिटलेले. मांडीवर नवजात बाळ. पडद्याआडून आलेला गोंदलेला हात. कुणाचा ते कळत नाही.' मॅडमनी वाचली आणि कुठंही रेघ न मारता ट्रेमध्ये ठेवली. हे त्यांचं कौतुक होतं, असं मला पुढं कळलं.

पुढच्या महिन्यात मांजरीचा रणजित घुले आपल्या आज्जीला घेऊन आला. उसाचं रान बिल्डरला देऊन नवा बंगला बांधलेलं घर, दारात मोठी गाडी. सरुबाई मात्र नऊवारीत, काठी टेकत आल्या. रणजितच्या काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली तसबीर होती.

"मॅडम, या स्टुडिओच्या काचा तुमच्याकडं आल्यात असं ग्रुपवर वाचलं," तो म्हणाला. "आज्जीच्या आईचा फोटो आहे हा. खराब झालाय. ओरिजिनलवरून नवीन प्रिंट मिळेल का?"

त्यानं कागद सोडला आणि मी ओळखलं. तीच खुर्ची, तेच बाळ. पण हा फोटो हातानं रंगवलेला होता. रंगवणाऱ्यानं बाईला डोळे काढून दिले होते, बाळाकडे वळलेले, आणि बाळाखालचा तो हात हिरव्या पदराखाली गाडून टाकला होता. कसरीनं नेमका चेहऱ्याचाच रंग खाल्ला होता. डोळ्यांच्या जागी दोन पांढरे चट्टे राहिले होते.

"डोळं तेवढं परत मिळू द्या," सरुबाई म्हणाल्या. "बाकी कसं बी आसू द्या. माझी आई, रतन तिचं नाव. मी झाली आन सव्वा महिन्यात गेली ती. पर तेवढे दिवस सारखी माज्याकडंच बगत बसायची, आसं मावशी सांगायची. ह्यो फोटू तवाचा हाय. आईनं बगितलंय मला. दुसरं काय हाय माज्याकडं तिचं?"

मी त्यांना वाचनकक्षात बसवलं, पाणी दिलं आणि रणजितला आत नेऊन स्कॅन दाखवलं. त्याचा चेहरा उतरला.

"आज्जीला नका दाखवू, प्लीज," तो म्हणाला. "ऐंशीच्या पुढं वय आहे तिचं. सकाळी उठून आधी त्या फोटोच्या पाया पडते. तुम्ही काच फुटली म्हणून सांगा, मी कुठूनतरी डोळे करून घेतो. कॉम्प्युटरवर होतं सगळं."

मला ते पटलं. मी मॅडमकडे वळून म्हटलं, "एका म्हातारीचा जन्मभराचा आधार काढून घ्यायचा, तोही नियमासाठी? आपण काय मिळवणार?"

"तुम्ही त्यांना काय सांगावं ते मी नाही ठरवणार," मॅडम म्हणाल्या. "पण नोंदीत मी डोळे उघडणार नाही. आणि ती नोंद वेबसाइटवर जाईल. यांच्या घरातलं कुणीतरी उद्या फोनवर वाचेल. मग आज्जींना ते कुणाकडून कळायला हवं, तेवढं बघा."

मला त्यांचा भयंकर राग आला. बाईंना काळीज नाही, असं मी मनात म्हटलं, आणि तणतणत बाहेर आले. रणजित तोवर आज्जीपाशी जाऊन, वाकून सांगत होता, "आज्जी, काच खराब झालीय गं."

"हो आजी," मीही म्हटलं. "जरा खराबच झालीय."

सरुबाईंनी आधी त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. "खराब तर खराब. माज्या आईची हाय न्हवं? मला दावा."

मी त्यांना हाताला धरून आत आणलं. मॅडमनी स्वतःची खुर्ची दिली. मी पडद्यावर चित्र लावलं आणि नजर खाली घातली.

सरुबाईंनी डोळे बारीक करून बघितलं. मग म्हणाल्या, "निजलीय व्हय?"



"न्हाई," त्या स्वतःच म्हणाल्या. "मळवट भरलाय. म्या काय कमी बायकांचं भरल्यात? आन मांडीवरची मी एका दिसाची बी वाटत न्हाई. मंजी सव्वा महिना बी न्हाई. मी झाली आन ती गेली." त्यांनी पदर तोंडाशी नेला. "बगितलंच न्हाई तिनं मला. मावशी खोटं बोलली."

रणजितनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तो माझ्याकडे अशा नजरेनं बघत होता की बघा, काय केलंत हे. त्याचं काही चुकत नव्हतं. मी पडदा बंद करायला हात पुढे केला.

"थांब," सरुबाई म्हणाल्या. "माज्या अंगाखाली ह्यो हात कुणाचा?"

मी हात मोठा करून दाखवला. मनगटावर तुळशीवृंदावन, त्याखाली तीन ठिपके. दोन सरळ रेषेत होते आणि तिसरा भलतीकडेच गेलेला. सरुबाई खुर्चीतून पुढे झाल्या. त्यांनी पडद्यावरच्या त्या तिसऱ्या ठिपक्यावर बोट ठेवलं, आणि पडद्याला माझं बोट लागलं तरी ओरडणाऱ्या मॅडमनी त्यांना अडवलं नाही.

"कौशल्या," त्या म्हणाल्या. "माझी मावशी. आईची धाकली भन. गोंदताना रडून हात वडला हुता तिनं, म्हून त्यो ठिपका तिकडं ग्येला. ह्याच हातानं जेवू घातलं तिनं मला. आई गेल्यावर तिलाच दिली की आमच्या आबाला. केवडी आसंल तवा? पोरच हुती. आन बगा, भन मेलीया, आन ही मागं हुबी राहून तिला धरतीया. मला बी धरतीया."

मग त्यांनी पडद्यावरचं बोट मागं घेतलं.

"मी तिला जन्मभर मावशीच म्हटलं. ल्हान हुती, तवा एक डाव म्हटली मला, सरू, आई म्हण की गं. मी भितीवरच्या फोटूकडं बोट दावलं. म्हटलं, आई ती हाय, तू न्हाईस. परत कंदी म्हटली न्हाई ती. उलट मलाच सांगत बसायची, तुजी आई कशी बगायची तुज्याकडं. सकाळच्याला मी पाया पडायच्या आदी फोटू पुसून ठेवायची."

"आज्जी, जाऊ दे ना," रणजित म्हणाला. त्याचेही डोळे भरले होते.

"काय जाऊ दे? तिचा एक फोटू न्हाई घरात. तुज्या बापाच्या लग्नात म्हटलं, मावशी, हुबी ऱ्हा. म्हटली, मला नगं, माजा एकदा काढलाय. आमी समदी हसलो. म्हटलं, कवा काढलास गं, आमाला दाव की. तीबी हसली." त्या पुन्हा त्या हाताकडे बघू लागल्या. "ह्योच की त्यो."

मला रडू आवरलं नाही. मघाशी मी ही काच लपवायला निघाले होते. लपवली असती, तर आईचे खोटे डोळे वाचले असते आणि त्या बाईचा सगळ्या जगातला एकुलता एक फोटो आमच्या कपाटात 'कुणाचा ते कळत नाही' म्हणून पडून राहिला असता.

थोड्या वेळानं रणजित हळूच म्हणाला, "आज्जी, डोळे उघडे करून प्रिंट काढू का? बरं दिसेल."

"नगं. डोळं मिटलेलंच ऱ्हाऊ दे, दमली आसंल बिचारी. पर त्यो हात झाकू नगा."

मग मॅडमनी मला नोंद उघडायला सांगितली. मी रतनबाईंचं नाव कंसात लिहिलं, पुढे 'बाळाची आई'. खाली हाताची ओळ होती. 'कुणाचा ते कळत नाही' हे मी खोडलं आणि कंसात 'कौशल्या' असं लिहिलं. पुढे नातं लिहायचं होतं.

"आजी, इथं काय लिहू? मावशी?"

सरुबाईंनी काठीवर दोन्ही हात ठेवले.

"आई लिही," त्या म्हणाल्या. "वर लिवलंय ते बी ऱ्हाऊ दे. दोगी बी."

मी मॅडमकडे बघितलं. काचेत कुठं दिसलं, असं त्या आता विचारणार याची मला खात्री होती. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला आणि परत घातला.

"लिहा," त्या म्हणाल्या. "कंसात. आणि कुणी सांगितलं तेही लिहा. त्याशिवाय नोंद पुरी होत नाही."

मी 'आई' असं लिहिलं. मग शेवटच्या ओळीवर आले आणि लिहिलं, 'माहिती देणारी व्यक्ती: चित्रातील बाळ.'