पायांवरची आंघोळ

नातीला आंघोळ घालायला मालिशवाली ठेवायची नाही, हे सुलक्षणाने ती जन्मायच्या आधीच जाहीर केलं होतं. "माझे पाय काय मोडलेत?" विक्रोळीच्या त्या घरात यावर वाद घालायची कुणाची टाप नव्हती. रोज सकाळी ती मोरीत पाटावर बसे, पाय लांब करी, तेलाने चोपडलेल्या नातीला पायांवर पालथी घेई, आणि सून श्रुतिका तांब्याने पाणी ओती.

एक गोष्ट मात्र तिने कुणाला सांगितली नव्हती. पाळी जायच्या बेताला आल्यापासून तिची झोप उडाली होती. अंगातून वाफा निघत, गाऊन घामाने भिजे, आणि मग डोळा लागतच नसे. पण सगळ्यांच्या आधी उठते आणि सगळ्यांच्या शेवटी पाठ टेकते तीच खरी बाई, असा आपल्याकडचा कायदा. झोप येत नाही म्हणायचं तरी कुणाला?

त्या सकाळी कोमट पाण्याने पायांना बरं वाटलं आणि सुलक्षणाची मान कलली. क्षणभरच. तेलकट बाळ पायांवरून सरकलं, ते थेट कढत पाण्याच्या बादलीकडे. श्रुतिकाने तांब्या टाकला आणि पोरीला वरच्या वर झेललं.

पोर रडली नाही. सुलक्षणा मात्र हमसून हमसून रडली. "माझ्याकडे देऊ नकोस गं तिला. मला झोपच लागत नाही. वर्ष झालं."

श्रुतिकाने पोरीला छातीशी घट्ट धरलं. आता ही फाडफाड बोलणार, असं सुलक्षणाला वाटलं. आणि ते वावगंही ठरलं नसतं.

"आई, परवा पाजता पाजता मीपण झोपले," श्रुतिका म्हणाली. "जाग आली तेव्हा ही माझ्या हाताखाली दबलेली. घाबरले, म्हणून बोलले नाही."

दोघी ओल्या साड्या-गाऊनांत तशाच बसून राहिल्या. दारात सुलक्षणाच्या सासूबाई, सोनूबाई, कधीच्या येऊन उभ्या होत्या. ऐंशी पार केलेल्या, पहाटेपासून टक्क जाग्या.

"चेडू माझ्याकडे द्या," बाळाकडे हात पसरत त्या आपल्या मालवणीत म्हणाल्या. "माका तशीय झोप लागणा नाय. जेवल्यार दोघीय झोपा गप. माका कोणी कधी झोप म्हणान सांगूक नाय. मी तुमका सांगतंय."

भर दुपारी घरातल्या दोन्ही सुना दार लोटून झोपल्या, हे त्या घरात पहिल्यांदाच घडलं. पाळण्याशी सोनूबाई बसल्या. सुलक्षणाचा नवरा दशरथ चहा मागायला आला, त्याला त्यांनी नुसत्या डोळ्यांनी परत धाडलं. तो मुकाट्याने स्वयंपाकघरात गेला. चहा त्याला करता येत होता, हेही त्या दिवशी कळलं.

श्रुतिकाने सासूला घाटकोपरच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी रक्त तपासलं, औषध दिलं, आणि "याला उपाय असतो हो, सोसत कशाला बसलात?" म्हणून दटावलं. रात्री हळूहळू बऱ्या जाऊ लागल्या. सगळ्या नव्हे. तेवढे दिवस बाळाची आंघोळ श्रुतिकाच टबात उरकत होती, आणि सुलक्षणा बाहेरून ऐकत होती. पुन्हा मागायची तिची हिंमत होत नव्हती.

मग एके सकाळी श्रुतिकाने स्वतःहून मोरीत पाट मांडला. "आई, या. पाय लांब करा."

सुलक्षणाचा जीव सुपाएवढा झाला. हात पुढे गेलेही. मग तिने ते मागे घेतले.

"आज नको गं. काल फार वेळ जागीच होते. उद्या."

श्रुतिकाने तिच्याकडे बघितलं, नेसूचं वर खोचलं आणि स्वतः पाटावर बसली. "मग मला शिकवा. आणि उद्या तुम्हीच घ्या. हे असं सांगणाऱ्या माणसाकडे पोर द्यायला मला भीती नाही वाटत."

सुलक्षणाने तांब्या भरला. श्रुतिकाचे आणि सासूबाईंचे उपकार कसे फेडायचे, हे तिला कळेना. तिने मनगटावर पाणी बघितलं आणि सुनेच्या पायांवरच्या नातीवर हळूच धार धरली.