चाळिसावी वाटी

आमच्या घरात कुठलंही भांडं उचला, त्यावर नाव सापडेल. दूध तापवायच्या पातेल्यावर माझ्या भावाचं आहे. पोह्यांच्या डब्यावर सासऱ्यांचं, स्मरणार्थ. कळशीवर ‘सौ. चंपा दशरथ घाडीगावकर’ असं आहे, ती मी. लग्नाआधी मी शेवंती होते. पण सासूबाईंच्या थोरल्या जावेचं नाव शेवंती, आणि एका घरात दोन शेवंती नकोत, म्हणून लग्नात ताटातल्या तांदळांवर ह्यांनी अंगठीने ‘चंपा’ लिहिलं. एक फूल काढून दुसरं ठेवलं. मला कोणी विचारलं नाही. विचारायचं असतं हे मलाही ठाऊक नव्हतं.

नातू दोन महिन्यांचा झाला तेव्हा बारशाला द्यायला चाळीस स्टीलच्या वाट्या घ्यायचं ठरलं. मुलाचं नाव अन्वय, ते सुनेने, जान्हवीने, आधीच ठरवलं होतं आणि ते सगळ्यांना पसंत होतं. आडनावाचा प्रश्न नव्हता. अडलं ते मधल्या नावावर.

तसं त्यात अडायचं काय? मधे बापाचं नाव येतं. पण आमचा सिद्धेश, अन्वयचा बाप, जान्हवीला सहावा महिना असताना घर सोडून गेला होता. ऑफिसातल्या एका बाईबरोबर भाईंदरला राहत होता. जान्हवी इथेच राहिली, चारकोपला, माझ्याजवळ. मुलुंडला तिच्या आईकडे दोन खोल्यांत भाऊ, भावजय आणि त्यांची दोन मुलं. बाळंतपणापुरती ती तिकडे गेली आणि चाळिसाव्या दिवशी मूल घेऊन परत आली. टॅक्सीतून उतरताना म्हणाली, “आई, मला तुमच्याकडेच बरं वाटतं.” मला काय वाटलं ते मी इथे लिहीत नाही.

एके दुपारी बाळाला तेल लावताना तिने विषय काढला.

“आई, मधे माझं नाव लावणार मी. अन्वय जान्हवी घाडीगावकर.”

“अगं, पण बाप आहे ना त्याला.”

“जन्माच्या दाखल्यावर बापाच्या रकान्यात त्याचं नाव आहे. ते मी खोडणार नाही. पण शाळेत हाक मारतील, प्रत्येक वहीवर लिहील, ते नाव त्याच्याजवळ असणाऱ्या माणसाचं असू दे.” मग बाळाचा पाय हातात धरून, माझ्याकडे न बघता म्हणाली, “वाट्या तुम्हीच घेऊन या. तुम्ही घालाल ते नाव. पण सिद्धेशचं घातलंत तर बारसं मी मुलुंडला करीन, आणि मग तिथेच राहीन. आत्ताच सांगते, नंतर फसवल्यासारखं नको.”

ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे बोलत होती.

संध्याकाळी सिद्धेशचा फोन आला. रुचिराने, माझ्या मुलीने, त्याला सांगितलं असणार.

“आये, काय चाललंय हे? माझ्या पोराला माझं नाव नाही?”

“तू ये ना रे घरी. बस, बोल तिच्याशी.”

“ते सोड. माझं नाव गाळलंस ना, तर तुला एकच पोरगी आहे असं समज. तुझ्या मयतीलाही मला बोलावू नकोस.”

“माझ्या मयतीला मी कशी बोलावणार रे तुला?”

तो हसला नाही. लहानपणी अशा बोलण्यावर लोळून हसायचा.

रुचिरा भांडुपला राहते. ती आत्या, म्हणजे पाळण्याजवळ बाळाच्या कानात नाव सांगायचा मान तिचा. मी तिला विचारलं तर म्हणाली, “तू सांगशील ते कुर्र करीन. पण मला दोघांच्या मधे घालू नकोस गं.” म्हणजे मधे मी एकटीच.

पुढचे चार दिवस मी कडधान्य निवडलं, पडदे धुतले, औषधाच्या दुकानात दोनदा जाऊन आले. मनात एकच हिशेब चालू. मुलगा ठेवला तर नातू जातो, नातू ठेवला तर मुलगा जातो. जान्हवी रोज तोच चहा करत होती, तेवढंच गोड हसत होती. माझ्याच घरात मला खोलीतून खोलीत जायची चोरी झाली होती.

पाचव्या दिवशी दुकानात गेले. बाजाराच्या तोंडाशी भांड्यांचं दुकान आहे, तिथे पायरीवर धाकू बसतो, हातात विजेवर चालणारं पेन घेऊन. भांडं दुकानातून घ्यायचं, नाव धाकू घालून देतो. त्याने माझ्या दोन्ही मुलांच्या लग्नांची भांडी केली आहेत.

“आजी, आडनाव तुमचं एवढं लांब, मधलं तरी आखूड सांगा,” तो चष्मा पुसत म्हणाला. “हां, चि. अन्वय... पुढे?”

मी ठरवून गेले नव्हते. पण चाळीस वर्षं रेशनकार्डावर, शाळेच्या फॉर्मवर, दवाखान्याच्या केसपेपरवर मी मुलाच्या पुढे बापाचंच नाव सांगत आले. तोंडाला तीच सवय.

“सिद्धेश,” मी म्हणाले.

पेन गुरगुरलं. पहिली वाटी त्याने माझ्या हातात दिली. अजून गरम होती. मी अक्षरांवरून बोट फिरवलं आणि मला दुसरंच बोट आठवलं.

सिद्धेश पोटात होता तेव्हा हे सुरतेला गेले. संपानंतर गिरणीत परत घेतलं नव्हतं, तिकडे काम आहे म्हणाले. काम होतं, आणि कामाबरोबर दुसरं घरही होतं. तेव्हा आम्ही भांडुपच्या चाळीत राहायचो. सिद्धेशच्या बारशाच्या पेल्यांवर नाव घालायची वेळ आली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “बापाचाच नाव घाल. नाव आसला तर माणूस येतलो.”

पोरगा त्याच पेल्यातून दूध प्यायचा. अक्षरं यायला लागली तसा बोट ठेवून वाचायचा. सि-द्धे-श. मग द-श-र-थ. आणि त्या अक्षरांवर अंगठा घासत विचारायचा, “आये, हे बाबा?” मी हो म्हणायची. शाळेत बाईंनी विचारलं वडील काय करतात, तर पठ्ठ्याने पूर्ण नाव सांगितलं आणि खाली बसला. त्याच्याकडे सांगायला तेवढंच होतं.

सासूबाईंचं खरं झालं. सहा वर्षांनी हे आले. छाती भरलेली, खोकल्याने बोलता येत नव्हतं. मी दार उघडलं आणि आत घेतलं. घरातल्या सगळ्या भांड्यांवर त्यांचंच नाव, नाही कसं म्हणणार होते? पुढची अकरा वर्षं त्यांच्या नावाच्या पेल्यातून त्यांना काढा दिला. ते एकदाही मला काही म्हणाले नाहीत, मीही विचारलं नाही. सिद्धेश त्यांच्या खाटेजवळ कधी बसला नाही. दारातून वाकून बघायचा, आणि जायचा.

धाकूने दुसरी वाटी उचलली होती.

“धाकू, थांब. बाकीच्यांवर जान्हवी घाल.”

“जान्हवी? मुलगी आहे होय? मग चि. कशाला, कु. घालतो.”

“मुलगाच आहे. जान्हवी त्याची आई.”

त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “मग ही पहिली फुकट गेली. घासली तरी डाग राहणार, आजी.”

“राहू दे. आण इकडे.”

घरी आल्यावर जान्हवीने पिशवी उघडून एक वाटी वाचली. पदर ओढून डोळे पुसले आणि वाट्या मांडायला बसली. थोड्या वेळाने म्हणाली, “आई, एकोणचाळीसच आहेत.”

“धाकू मोजायला चुकला असेल,” मी म्हणाले. चाळिसावी माझ्या पर्समधे होती.

बारशाला सिद्धेश आला. मला वाटलं नव्हतं. हातात बाबासूटचं खोकं, दारातच उभा, चपला काढल्या नाहीत. रुचिराने कुर्र करून नाव घेतलं, बायका हसल्या, टाळ्या वाजल्या. जान्हवीच्या आईने सगळ्यांसारखी त्याच्याही हातात पेढा घातलेली वाटी दिली. त्याने वाचलं. आणि मधल्या नावावर अंगठा घासला, तसाच, लहानपणी घासायचा तसा.

“तू घातलंस?”

“हो.”

“तिने सांगितलं म्हणून.”

एवढं हो म्हटलं असतं तरी तो जान्हवीवर रागावला असता आणि माझ्याकडे येत राहिला असता. आणि पर्समधली वाटी काढून दिली असती तर? तर तो ती सगळ्यांसमोर उंच धरून दाखवत आत आला असता.

“नाही रे. धाकूला मीच सांगितलं. मीच ठरवलं.”

त्याने वाटी चपलांच्या कपाटावर ठेवली, पेढ्यासकट. खोकं शेजारी ठेवलं. जिना उतरताना त्याने मागे पाहिलं नाही.

त्याला आता सात महिने झाले. फोन नाही. मी केला तर वाजून बंद होतो. जान्हवी मरोळला परत कामावर जायला लागली आहे, बाळ दिवसभर माझ्याजवळ. ती माझं सगळं करते. माझ्यासाठी गोळ्या आणते, रविवारी डोक्याला तेल लावते. मी मुलाचं नाव काढत नाही. काढलं तर तिला वाटेल, मी पस्तावले.

दुपारी अन्वय जागा असला की मी कपाटातून ती वाटी काढते. तो आता बसतो. वाटी जमिनीवर आपटतो, तोंडात घालतो, खरखरीत लागलं की थांबतो आणि तिथेच अंगठा फिरवतो. अजून बोलत नाही, ते एक बरं आहे. बोलायला लागला की विचारेल, हे कोण.

साडेसहाला कुलपात किल्ली फिरते. तोवर वाटी माझ्या जुन्या साडीत गुंडाळलेली असते, आणि कपाटाची चावी माझ्या कमरेला.