पहिल्या ओळीचा पत्ता

धाकट्याला घरात सगळे पोपट म्हणत, कारण झोपेतसुद्धा त्याच्या तोंडाला कुलूप नसे. आजारानं आधी त्याचे हात नेले, मग वाचा नेली. पापण्या तेवढ्या ठेवल्या. देवाची करणी, दुसरं काय! पण त्याच्या ताईचा जन्म कॉम्प्युटरपुढे गेलेला. तिनं एक स्क्रिप्ट, म्हणजे मशीनला द्यायच्या हुकमांची यादी, लिहिली. पडद्यावरची अक्षरं पोपटानं पापणी मिटून निवडायची, की मशीन त्याच्याच जुन्या आवाजात बोलायचं.

"ताई, तुझ्या चहापेक्षा औषध गोड आहे," हे त्याचं परवाचं बोलणं.

स्क्रिप्ट कोणत्या प्रोग्रामनं चालवायची, त्याचा पत्ता तिच्या पहिल्या ओळीत होता. आवाज जुना म्हणून प्रोग्रामही जुना, त्याचं बिऱ्हाड वेगळ्या फोल्डरात. रविवारी ताईनं स्क्रिप्ट सुधारून मशीनवर चढवायला तिचं नवं पॅकेज बांधलं. पॅकेज बांधणाऱ्या साधनाला शिस्तीची भारी हौस! त्यानं तो पत्ता पुसून सगळ्यांना चालतो त्या नव्या प्रोग्रामचा पत्ता घातला; पण त्याला जुना आवाज चालवता येत नव्हता. ताईनं स्क्रिप्ट तपासली होती, पण आपल्या फोल्डरातली. बांधून मशीनवर चढवलेली नव्हे.

सोमवारी सकाळी आईनं हाक मारली, "अगं, मशीन गप्प आहे. हा सारखा डोळे मिटतोय, काहीतरी सांगायचंय त्याला. श्वासही लागलाय. डॉक्टरांना फोन केलाय मी."

"दोनच मिनिटं, आई."

दोनाची चाळीस झाली. तारा बघितल्या, स्पीकर बघितला. पहिली ओळ सगळ्यात शेवटी बघितली, तर तिथे भलताच पत्ता! साधनाला एवढंच बजावायचं होतं, की या पॅकेजातल्या पत्त्यांना हात लावू नकोस. ते लिहून तिनं पॅकेज पुन्हा बांधलं, मशीनवर चढवलं. मशीन सुरू झालं तेव्हा डॉक्टर पोपटाची नाडी सोडून उभे राहत होते.

चार दिवसांनी आई त्याच्या चादरींच्या घड्या घालत होती.

"काय म्हणत होता गं तो? मशीननं टिपून ठेवलं असेल ना?"

एखादं गोड वाक्य रचून सांगितलं असतं, तर आईनं ते जन्मभर उराशी धरलं असतं. ताईच्या ओठांवर आलंही. पण पोपटाच्या तोंडी दुसऱ्याचे शब्द घालायला तिची जीभ रेटेना.

"नाही, आई. स्क्रिप्ट सुरूच झाली नाही. माझी चूक झाली."

आईनं हातातली चादर उलगडून पुन्हा घडी घातली.

"तो डोळे मिटायचा ना, तेव्हा दर वेळी मी 'हो रे राजा' म्हणत होते," ती म्हणाली. "त्याला नको असलेल्या कशाला तरी हो म्हटलं नसेल ना गं मी?"