वास नसलेली टाकी

दुपारी तिने नमुन्याच्या बाटलीचं बूच काढलं आणि फस्स आवाज झाला. पाणी नितळ होतं. काचेला आतून बारीक बुडबुडे चिकटले होते. तिने बाटली हलवली, तसे ते वाढले.

सांडपाणी हवा न लागू देता कुजवायचं, निघालेल्या मिथेनवर वीज करायची, पाणी मेम्ब्रेनच्या बारीक पडद्यातून गाळून बाहेर सोडायचं, असा तो प्रकल्प. थोडा मिथेन गाळलेल्या पाण्यातही विरघळून राहतो. तो हवेत सुटला तर पृथ्वी तापवतो, म्हणून ओढून काढायला वेगळा पंप होता. तिने प्रयोगशाळेतून फोन लावला.

"पंप बंद आहे का?"

"सोमवारपासून," व्यवस्थापक म्हणाले. माघारी सगळे त्यांना मीटरराव म्हणत. "उद्या पाहुणे येतायत. प्रकल्प खातो त्यापेक्षा जास्त वीज बनवतो, हे दाखवायचंय. तो पंप म्हणजे घरजावई. नुसता खातो."

"मग गॅस गाळलेल्या पाण्याच्या बाहेरच्या टाकीत साचत असेल. तिला आता झाकण आहे."

"वास येतोय का तिथे? नाही ना?"

इथे सगळे नाकावरच विसंबत. पण वास मारायला औषध घालत होते, आणि मिथेनला मुळात वास नसतो.

"झाकणाला कठडा वेल्डिंग करायला कोण गेलंय?"

"तुमचेच दीर. सकाळपासून बोलावतोय, आत्ता उगवले."

तिने दिराला फोन लावला. उचलला पहारेकऱ्याने. आगीच्या भीतीने फोन गेटवरच ठेवून घेत.

गॅस मोजायचं यंत्र उचलून ती पळाली.

दीर झाकणावर उकिडवा बसला होता, वेल्डिंगचा चष्मा कपाळावर. "काय वहिनी, दादा परत डबा विसरला की काय?"

"भाऊजी, कशाला हात लावू नका. उठा. हळू."

तो उठला. तिने यंत्राची नळी फटीत घातली. यंत्र लगेच ओरडू लागलं.

दीर हातातल्या वेल्डिंगच्या होल्डरकडे बघत राहिला. "वास तर नव्हता," तो म्हणाला.

आवाज ऐकून मीटरराव धावत आले. ठिणगी उडू नये म्हणून पितळी पहारीने झाकण सरकवलं. टाकीवरची हवा उन्हात थरथरली. थोड्या वेळाने यंत्र गप्प झालं.

"सुटलो," मीटरराव म्हणाले. "झाकण नकोच. उघडीच राहू दे."

"आणि पंप?"

"आता कशाला? गॅस आपोआप जातोय की."

"कुठे?"

त्यांनी वर पाहिलं. तिनेही पाहिलं. आकाश बाटलीतल्या पाण्याइतकं नितळ होतं.