आण्णाप्पांची गाठ

आण्णाप्पांनी बांधलेली गाठ कधी सुटली नाही, असं शहापुरातल्या त्यांच्या गल्लीत सगळेच म्हणत. आणि कुणी म्हणायचं विसरलंच तर आण्णाप्पा स्वतः म्हणत. तुटलेला रेशमाचा धागा ते अंगठ्याखाली असा सांधत की साडीवरून हात फिरवला तरी सांधा सापडू नये. हे सगळं खरंच होतं. पण म्हणून काय माणसानं यूपीएसच्या वायरीलाही गाठ मारावी?

त्याचं असं झालं. त्यांची सून सौम्या हिनं हट्ट धरून घरच्या हातमागावर कॉम्प्युटरची पेटी बसवून घेतली होती. पूर्वी नक्षी पुठ्ठ्याच्या भोकांतून यायची, आता ती पेटीतून येते. पावडीवर पाय मारायचा आणि आडव्या धाग्याचा धोटा फेकायचा माणसानंच. कोणते धागे उचलायचे तेवढं पेटी ठरवणार. लाईट काही सांगून जात नाही, म्हणून पेटीला यूपीएस. त्या यूपीएसची बॅटरी म्हातारी झाली. मागच्या साडीला लाईट गेल्याबरोबर पेटी विझली, पुन्हा लागली ती भलत्याच ओळीपासून, आणि पदरावरचे मोर बिनमानेचे झाले.

"आणि एकदा असं झालं की पेटी उतरवायची," आण्णाप्पांनी जाहीर केलं. "माझं पुठ्ठं लावायचं. बास झाली थेरं."

पेटीतल्या नक्ष्या सौम्यानं स्वतः काढल्या होत्या. पेटी गेली की त्याही गेल्या, आणि ती पुन्हा सासऱ्यांच्या जुन्या कोयरीवर आली. मागावर बेळगुंदीच्या एका नवरीची साडी अर्ध्या पदरापर्यंत आलेली. तिनं त्याच दिवशी नवी बॅटरी आणली.

यूपीएस बंद करून, पिन काढून तिनं जुनी बॅटरी बाहेर घेतली, आणि तिथंच घोडं अडलं. वायरींच्या टोकांना पितळेच्या चपट्या टोप्या असतात, इलेक्ट्रिकवाले त्यांना थिंबल म्हणतात. त्या बॅटरीच्या पत्र्याच्या जिभांवर घट्ट बसायला हव्यात. नव्या बॅटरीच्या जिभा रुंद, टोप्या अरुंद.

"आप्पा, दुसरी थिंबलं घेऊन येतो. तवर हात लावू नकासा," असं बजावून ती दुकानात गेली.

हात लावू नका म्हटल्यावर आण्णाप्पा गप्प बसते तर काय हवं होतं! ती रुंद थिंबलं आणि ती दाबून बसवायची पक्कड मागून घेऊन आली, तोवर त्यांनी टोप्या छाटून वायरीची उघडी टोकं जिभांच्या भोकांतून ओवून सुबक गाठी मारल्या होत्या. यूपीएसवर हिरवा दिवा जळत होता.

"बघ. कशाला पायजे तुझं थिंबल?"

गाठ खरंच देखणी होती. सौम्याही भुलली आणि मागावर बसली.

जेवायच्या आधी लाईट गेली. पेटी चालू राहिली. तिचा जीव भांड्यात पडतोय न पडतोय तोच खालून चर्र आवाज आला, जळका वास सुटला आणि पेटी विझली. तिनं पाय वरच्यावर रोखला म्हणून एकच ओळ बिघडली, ती उसवता आली.

"उतरव पेटी," आण्णाप्पा म्हणाले.

"पेटीचं काय चुकलं न्हाय, आप्पा. गाठ सुटली."

हे वाक्य त्या घरात आजवर कुणी उच्चारलं नव्हतं. चुलीपाशी सौम्याच्या सासूबाई यशोदाबाई यांची लाटणं धरलेली बोटंही थांबली. आण्णाप्पा चष्मा चढवून खाली वाकले. गाठ सैल पडली होती आणि वायरीचं टोक काळं झालं होतं. त्यांनी वायर बोटानं हलवून बघितली. सौम्याला वाटलं, आता काही खरं नाही.

"ताण न्हाय गं हिला," ते म्हणाले. "धागा ओढला की गाठ आवळती. ही वायर नुसती लोंबकाळतीया. वरनं माग हादरतोय. मग सुटंल न्हाय तर काय करंल?"

सौम्यानं यूपीएस पुन्हा बंद केला आणि थिंबल वायरीवर चढवून पक्कड दाबली. ओढून बघितलं तर टोपी हातात! तिनं वायरीच्या प्लॅस्टिकसकट दाबलं होतं.

"आण हिकडं," आण्णाप्पा म्हणाले. त्यांनी ब्लेडनं प्लॅस्टिक अलगद सोललं. आतली तांब्याची एकही तार तुटली नाही. तारांना त्यांनी धाग्यासारखा पीळ दिला, सौम्यानं थिंबल चढवलं आणि दोन्ही हातांनी पक्कड दाबली. मग आण्णाप्पांनी पायाचा रेटा देऊन वायर ओढली. टोपी हलली नाही. दुसरीही तशीच बसवली. मग टोप्या बॅटरीच्या जिभांवर चढवल्या, लाल वायर लाल खुणेवर, काळी काळ्या खुणेवर.

तोवर लाईट आली. यूपीएस चालू केल्यावर हिरवा दिवा लागला, पण आता त्या दिव्यावर कुणाचाच विश्वास नव्हता.

"बस मागावर," आण्णाप्पा म्हणाले.

सौम्यानं पेटी बरोबर ओळीवर आणली आणि ती बसली. मोर मानेपर्यंत आला होता. तिनं लय धरली आणि आण्णाप्पांनी भिंतीपाशी जाऊन सरळ मेन स्विच खाली ओढला.

"आप्पा! नवरीची साडी हाय ही!"

"मार की धोटा. थांबू नगंस."

पंखा फिरत फिरत थांबला. आत मिक्सर बंद पडला म्हणून यशोदाबाईंनी दोघांचाही उद्धार केला. सौम्यानं जीव मुठीत धरून पाय मारला. धागे बरोबर उचलले गेले. आणखी एक ओळ, मग आणखी एक. माग दणदणत होता आणि मोराला तुरा फुटत होता. तिला हसू आवरेना, आणि समोरची नक्षी मधेच धूसर दिसायला लागली म्हणून तिनं बाहीनं डोळे पुसले.

आण्णाप्पा कापडाकडे बघत उभे होते. पेटी बसल्यापासून ते त्या मागावर एकदाही बसले नव्हते; येता-जाता नाक मुरडायचे तेवढंच. त्यांनी हात पायजम्याला पुसले आणि खाकरले.

"सरक जरा," ते म्हणाले. "मला दाव कसं चालवायचं ते."